रेकॉर्डवर रिकामी

शस्त्र ही माणसाच्या संयमाची परीक्षा असते, असं आमचे घरमालक म्हणायचे, आणि त्या परीक्षेत ते आयुष्यभर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत आले होते. परीक्षक तेच होते, प्रश्नपत्रिका त्यांचीच होती, आणि निकालही ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवत.

यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात भांडारपाल म्हणून मी आलो, तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. खोल्या बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, आणि आडनावावरून पुढचा जो प्रश्न सगळे विचारतात तोही विचारला नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्याजवळ शस्त्र हाय का?"

"नाही."

"चाकू?"

"भाजी चिरायचा आहे."

"पातं केवढं?"

मी बोटांनी लांबी दाखवली. त्यांनी खिशातली छोटी पट्टी काढून माझ्या दोन बोटांमधली हवा मोजली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "नऊ इंचाच्या आत हाय. राहू द्या." तेवढ्यावर खोल्या मिळाल्या. पुढं आठवडाभर भाजी चिरताना मला आपण कायद्याच्या कृपेनं कांदा कापतोय असं वाटत राहिलं.

एका सरकारी कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर बावीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. बदली आली की ती रद्द करून घ्यायचे. लोक म्हणत, त्या टेबलावर वरकमाई असेल. नव्हती. त्यांना खरोखरच ते काम आवडत होतं, आणि मला विचाराल तर सरकारी नोकरीतला याहून धक्कादायक प्रकार मी पाहिलेला नाही.

अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ते खुर्ची देत, पाणी देत, आणि मग कोरा कागद पुढं सरकवत. "जिवाले धोका हाय म्हणता. कोनापासून हाय? नाव लिवा." असा नियम कुठंही नव्हता. तो त्यांनी स्वतःच केला होता. महागावकडचा एक मोठा शेतकरी त्या कागदापुढं अर्धा तास बसला आणि त्यानं तीन नावं लिहिली. तिघेही त्याचे चुलतभाऊ निघाले. घरमालकांनी विचारलं, "यातला तुमच्या पोरीच्या लग्नात कोन होता?" शेतकरी म्हणाला, "मधला. त्यानंच जमवलं." मग शेतकऱ्यानं कागद मागून घेऊन घडी करून खिशात घातला. बंदूक मागायला आलेला माणूस जाताना पंख्याखालची हवा बरी होती म्हणाला.

"ज्याले पाहिजे त्याले देऊ नये, आन् ज्याले नको त्याले द्याची," हे त्यांचं शस्त्रविषयक धोरण होतं. या धोरणात बसणारा एकच माणूस त्यांना जिल्ह्यात सापडला होता. ते स्वतः.

कारण त्यांच्या घरात बंदूक होती. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बार ठासून भरायची, एका नळीची, वडलांची. वडलांचं कळंबच्या बाजूला शेत होतं. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभं पीक लोळवतात म्हणून पीक राखायचा परवाना वडलांनी काढला होता. ते वारल्यावर वारसाहक्कानं परवाना मुलाच्या नावावर झाला. मुलानं बंदूक एकदाही उडवली नाही. डुकरांना या बदलाची सूचना कुणी दिली होती का, ते माहीत नाही; पण त्यांच्या वागण्यावरून दिली असावी.

त्या बंदुकीविषयी ते नेहमी आवाज खाली आणून बोलत, जणू आतल्या खोलीत कुणी वडीलधारं माणूस झोपलंय. "तिचं नूतनीकरण." "तिचा नंबर." निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. आचारसंहितेची नुसती कुजबुज झाली की हे तिला जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून तयार. काकू स्वयंपाकघरातून ऐकवायच्या, "माह्या माहेरी जायले यायले बावीस वर्ष सुट्टी नाही भेटली. आन् तिले पोचवाले पाहा, दोन दिवस आधीपासून चादर झटकून राह्यले!"

सुरक्षेची व्यवस्था त्यांनी स्वतः आखली होती आणि ती ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. बंदूक घरात, लोखंडी पेटीत. पेटीची चावी काकूंच्या कमरेच्या जुडग्यात, आणि त्यातली कुठली ते काकूंना मुद्दाम सांगितलेलं नाही. बार ठासायचा लोखंडी गज बहिणीच्या घरी, कळंबला. घोड्याखाली बसवायच्या तांब्याच्या टोप्या आणि दारू, म्हणजे वडलांमागं जे काही उरलं होतं ते, ठाण्यात जमा, पावती फायलीत.

"बंदूक मंजे एका जागी जमली तर बंदूक," ते म्हणत. "वेगळी ठेवली तर भंगार. चोर आला तर त्याले उडवाच्या आधी तीन ठिकानं फिरा लागन. तवापर्यंत त्याचा राग थंडा होते."

हे ऐकून माझ्यासारख्या माणसालाही, ज्याचा नियमांवर फारसा विश्वास नाही, आदर वाटला. हा आदर पुढं मला महागात पडला.

शेजारी एक रस्त्यांचे ठेकेदार राहत. त्यांना पिस्तूल हवं होतं. दोनदा अर्ज नामंजूर झाला होता, आणि दोन्ही वेळा टेबलावर कोण होतं हे वेगळं सांगायला नको. तरी सकाळचा चहा ते याच ओट्यावर घेत. वर्तमानपत्र उघडत, गुन्ह्याची बातमी शोधत, आणि वाद सुरू होई.

"काकाजी, काय चालून राह्यलं जिल्ह्यात! पुन्हा मर्डर. मानसाजवळ काही पाहिजे का नाही?"

"कायनं झाला?"

"चाकूनं."

"मंग तुमाले चाकू पाहिजे. नऊ इंचाच्या आतला घ्या. परवाना लागत नाही."

"कायले मस्करी करता सकाऊन सकाऊन! गुन्हे वाढून राह्यले म्हणतो मी."

"गुन्हे वाढले का पेपराची पानं वाढली, ते आधी पाहा लागन. आन् मले सांगा, गुन्हा करनारा कवा माह्या टेबलावर अर्ज घेऊन आलता? तो देशी कट्टा घेते आन् मोकळा होते. परवानेवाला सज्जन राह्यते. परवान्याच्या बंदुकीनं मानूस मरत नाही."

"मंग मले काहून नाही देल्लं?"

"तुमी सज्जन हा. पन तुमाले पाहिजे ना!"

दोघेही अधूनमधून आकडे फेकत. इतके गुन्हे, इतक्या बंदुका, अमक्या देशात तमुक. हे आकडे कुठून आले असं एकदा मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी चहा संपवून कारखान्यात गेलो.

या वादात त्यांना हरवणारं माणूस एकच होतं, आणि ते वाद घालत नसे. ती त्यांची सून. नागपूरला एका दवाखान्यात अपघात विभागात ती परिचारिका होती. सासऱ्यांना मामाजी म्हणायची, वाकून नमस्कार करायची, आणि नात चालायला लागल्यापासून तिला या घरी आणत नव्हती. तिच्या विभागात एकाच आठवड्यात दोन लेकरं आली होती, वेगवेगळ्या गावांची. दोन्ही बाप स्ट्रेचरशेजारी एकच वाक्य म्हणत होते: "रिकामीच होती." त्या आठवड्यानंतर तिनं सासऱ्यांना फोन केला. "मामाजी, घरात बंदूक आहे तोवर मी पिंकीला आणणार नाही. राग मानू नका."

त्यांनी राग मानला नाही. त्यांनी तिला चार पानी पत्र लिहिलं. त्यात नियम होते, पावत्यांचे क्रमांक होते, आणि गज कळंबला असल्याचा विशेष उल्लेख होता. उत्तर आलं नाही. मग महिन्यातून एकदा ते एसटीनं नागपूरला जात, नातीला तासभर बघत, आणि तिनं रंगवलेला एखादा कागद घेऊन परत येत. तो कागद तारीख टाकून फायलीला लागे. एका संध्याकाळी मी पाहिलं, शस्त्र परवान्याच्या फायलीवर जांभळा हत्ती होता.

"देऊन टाका ना परत," मी एकदा म्हणालो.

ते बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. "देतो. पन दिली मंजे मी इतके वर्ष धोका घरात ठेवला असं लिवून देल्यासारखं होते. लोक मनतीन, सुनंनं सांगतलं तवा समजलं. तसं नाही ते. ती रिकामी हाय."

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. सून एकटी दोन दिवसांसाठी येणार होती, मुलीला आपल्या आईकडं ठेवून. तिच्यासमोर पंचनामा करायचा. बंदूक काढायची, गज आत घालून नळी रिकामी असल्याचं दाखवायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि एक प्रत सुनेला द्यायची. पटलं तर तिनं पुढच्या महिन्यात नातीला आणावं. नाही पटलं तर बंदूक सरकारजमा.

ते स्वतः कळंबला जाऊन गज घेऊन आले. तिथल्या चिंतामणीचा प्रसादही आणला. रविवारी दुपारी जेवणानंतर आम्ही पुढच्या खोलीत जमलो: ते, काकू, सून, आणि पंच म्हणून ठेकेदार आणि मी. पंचनामा त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. "समक्ष पाहणी केली असता सदर शस्त्र रिकामे आढळून आले." खाली आमची नावं.

"सह्या करा," ते म्हणाले.

"आधी पाहणी करू ना," मी म्हणालो.

"सही आधी राह्यते. मंग पंच पळून जाते."

ठेकेदारांनी सही केली. मीही केली. बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

बंदूक बाहेर आली. नळीच्या तोंडावर कुंकवाचा जाड थर होता, वर्षानुवर्षांचा, जवळजवळ काळा पडलेला. दसऱ्याला शस्त्रपूजा होई तेव्हा तिला पाटावर, दस्ता भिंतीला टेकवून, आडवी ठेवत, तोंड पूजा करणाऱ्याकडं, आणि घरातले सगळे एकेक करून पुढं वाकत. मागच्या दसऱ्याला मीही वाकलो होतो. ठेकेदारांनी तर ती हातात घेऊन फोटो काढला होता आणि एक डोळा मिटून नळीत पाहिलं होतं. त्यांना आत अंधार दिसला होता, आणि रिकाम्या नळीत अंधारच असतो, असं आमचं सर्वांचं मत पडलं होतं.

घरमालकांनी गज उचलला.

"मामाजी, थांबा," सून म्हणाली. "आधी बाहेरून मोजू."

तिनं गज नळीवर आडवा ठेवला, एक टोक पार मागं, घोड्यापाशी, आणि जिथं नळीचं तोंड संपलं तिथं पर्समधली चिकटपट्टी काढून गजाला गुंडाळली. नळी पोटापर्यंत मोकळी असेल तर ती पट्टी बरोबर तोंडाशी यायला हवी. हे तिनं आम्हाला समजावून सांगितलं नाही; पाहताना आपोआपच कळत होतं. घरमालक कौतुकानं हसले. "पाहा. हे खरं काम."

त्यांनी गज आत सोडला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येईल असं मला वाटलं होतं. आला तो मऊ आवाज होता. उशीवर काठी टेकल्यासारखा.

पट्टी वरच राहिली. तोंडापासून चार बोटं वर.

त्यांनी गज बाहेर काढला आणि पुन्हा सोडला. पुन्हा तोच मऊ आवाज. चार बोटं.

मग काकू म्हणाल्या, "कचरा-बिचरा अडकला असन. उंदरानं..." आणि वाक्य तिथंच राहिलं.

"भरून हाय," ठेकेदार म्हणाले. ते कधी उठले आणि कधी भिंतीला जाऊन चिकटले, मला दिसलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "काकाजी, थे भरून हाय."

"नाही," घरमालक म्हणाले. "रेकॉर्डवर रिकामी हाय."

"रेकॉर्ड गेलं खड्ड्यात! मी तिच्यात डोया घातलता!"

घरमालक हळूच खाली बसले. बंदूक मांडीवर तशीच. सुनेनं पुढं होऊन नळीचं तोंड दोन बोटांनी दाराकडं वळवलं. दारात कुणी नाही हे तिनं आधी पाहिलं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर शोधला, तो नव्हता. तिनं पाणी मागितलं आणि भांडं हातात आल्यावर प्यायची विसरली.

वडलांनी शेवटच्या हंगामात डुकरासाठी बार भरला असणार. डुक्कर आलं नाही, किंवा आलं आणि गेलं, आणि काही दिवसांनी वडील गेले. मुलानं वारसाचा अर्ज केला. "शस्त्र रिकामे" असं लिहिलं, कारण वडील नेहमी रिकामीच ठेवत. तेव्हापासून प्रत्येक नूतनीकरणाला बंदुकीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला गेला. नंबर जुळला की बंदूक जुळली. प्रत्येक निवडणुकीला ती ठाण्यात गेली, तिथल्या कोठडीत राहिली, आणि "रिकामी" अशा पावतीसह परत आली. आत काय आहे हे सांगू शकणारी एकच वस्तू होती, तो गज. आणि तो सुरक्षेसाठी कळंबला होता.

काकूंनी कपाळाला हात लावला. "दर दसऱ्याले मी तिच्या तोंडाले कुंकू लावून राह्यली. समोर बसून. माह्यं पोरगं लहान असतानी चाप ओढून खेळे, टक-टक करे. हे मनत, खेळू दे, रिकामी हाय."

घरमालकांनी वर पाहिलं. "टोपी नव्हती," ते म्हणाले. "टोपी ठाण्यात होती."

म्हणजे तितकी वर्षं ते घर आणि बार उडण्याचा आवाज यांच्यामध्ये ठिणगी पाडणारी तांब्याची एक टोपी नसणं एवढंच काय ते होतं. तुरीच्या दाण्याएवढी असते ती. मी टेबलावरच्या पंचनाम्याकडं पाहिलं. समक्ष पाहणी केली असता. खाली माझी सही होती, आणि ती चांगली आली होती.

यानंतर दुसऱ्या कुणाही माणसानं काय केलं असतं हे मी सांगू शकतो. यांनी पेन काढलं आणि स्वतःविरुद्ध अर्ज लिहायला घेतला. पण आधी एक अडचण होती: बंदूक ठेवायची कुठं? पेटीत ठेवावी तर पेटी देवघराच्या भिंतीला. भरलेलं शस्त्र रस्त्यानं न्यायला मनाई, म्हणून ठाण्यात नेता येईना. आणि तोंड कुणीकडं करावं? पूर्वेला ठेकेदारांचं घर. "इकडं नाही!" ते कुंपणावरून ओरडले. पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला माझ्या खोल्या. मी काही बोललो नाही, पण चेहरा बोलला असावा. शेवटी मागच्या अंगणात बाजेवर, विहिरीच्या कठड्याकडं तोंड करून ती ठेवली, आणि घरमालक शेजारी खुर्ची टाकून बसले. तीन दिवस विहिरीचं पाणी कुणी काढलं नाही.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. ठाणेदार तरुण होते आणि नम्र होते. अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"काका, हे घेता नाही येणार."

"काहून?"

"आमच्या रजिस्टरला तुमची बंदूक रिकामी आहे. मागच्या निवडणुकीला जमा, रिकामी. त्याच्या आधीची, रिकामी. आता तुम्ही म्हणता ती तेव्हापासून भरलेली आहे. मग ही सगळी नोंद खोटी आहे, असं तुम्ही लिहून देताय का?"

"तसं नाही..."

"मग ती रिकामी आहे."

"पन साहेब, चार बोटं गज वर राह्यते!"

"रजिस्टरला बोटांचा रकाना नाही."

आयुष्यभर त्यांनी हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, टेबलापलीकडच्या माणसांना ऐकवलं होतं. ते टेबलाच्या या बाजूनं कसं ऐकू येतं हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या कल्पनेपलीकडची गोष्ट केली: अर्ज मागे घेतला आणि फाडला. सही केलेला कागद फाडताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"कागद राहू द्या," ते म्हणाले. "मले चार वर्षांची नात हाय. मानूस पाठवा."

ठाणेदारांनी बेल वाजवली.

बुधवारी निवृत्तीला आलेले एक हवालदार साध्या कपड्यांत आले. महागावकडच्या तांड्यावरचे, त्यांच्या आजाकडं अशीच बंदूक होती. त्यांनी आम्हाला सगळ्यांना घरात घालवलं आणि नळीत पाणी ओतून तासभर बाजेशेजारी उकिडवे बसले, बिडी मात्र पेटवली नाही. मग गजाच्या टोकाला मळसूत्रासारखं काहीतरी बांधून त्यांनी आतला ऐवज उकरून काढला. आधी काथ्याचा बोळा. मग छर्रे, सायकलच्या चाकातले. मग पुन्हा काथ्या, आणि शेवटी काळा, ओला गाळ.

"याडी!" हवालदारांनी आपल्या बोलीत आईला हाक मारली. दारूचा एक सुका राहिलेला खडा त्यांनी बाजूला ठेवला होता. तो अंगणाच्या टोकाला नेऊन त्यावर काडी धरली. खडा भसकन पेटला, हातभर उंच. आम्ही खिडकीतून पाहिलं. ठेकेदार कुंपणापलीकडून पाहत होते. ते आत गेले आणि आठवडाभर चहाला आले नाहीत. पिस्तुलाचा तिसरा अर्ज त्यांनी अजून केलेला नाही.

रजा वाढवून थांबलेल्या सुनेनं छर्रे मोजले. एकोणीस. मोजून झाल्यावर ती ते मुठीत घट्ट धरून बसली, आणि सासऱ्यांनी पुढं केलेल्या वाटीत टाकायला तिला बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात बंदूक सरकारजमा झाली. परत येताना रिक्षात ते घराच्या वळणाशी म्हणाले, "मी लोकायले कोऱ्या कागदावर नाव लिवाले लावे. कोनाची भीती वाटते म्हनून. माह्यं नाव कोनं लिवलं नाही."

मी म्हणालो, "तुमच्या हातून काही घडलं नाही, काका."

"थे बंदुकीची मेहरबानी."

पुढच्या महिन्यात नात आली. त्यांनी नवा सदरा घातला होता आणि दाराशी सकाळपासून उभे होते. पोर रिक्षातून उतरली ती थेट आत धावली, खोल्याखोल्यांतून, पेटीच्या रिकाम्या जागेवरून, देवघरातून, स्वयंपाकघरात. ते मागं मागं, हसत, धापा टाकत. "पडशील, बेटा, पडशील!" काकू डोळ्यांना पदर लावत होत्या. मला दारात उभं राहून बघताना उगाचच भरून आलं. आपणही या विजयात एक पंच आहोत असं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आबाजी, सरबत मला?"

सून माझ्या अंगावरून धावत गेली. मी पोचलो तेव्हा पोरीच्या हातातली थंड पेयाची बाटली तिच्या हातात होती, झाकण अर्धं फिरवलेलं. ओट्याखाली, शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्याला खेटून बाटलीची जागा होती. तिथं वर्तुळ उमटलं होतं. बाटलीत दुधासारखं पांढरं पाणी होतं. सुनेनं वास घेतला आणि बाटली डोक्याच्या वर, हात पुरेल तितकी उंच धरली. पोर तिच्या चेहऱ्याकडं बघून रडायला लागली.

"मामाजी, हे काय आहे?"

"फवारनीचं औषध," ते म्हणाले. "शेतातून आनलं. अंगनातल्या निंबूवर किडी पडते म्हनून."

"किती दिवसांपासून आहे इथं?"

"असन दोन-तीन वर्ष."

"उघडं? लेकराच्या हाताला येईल असं?"

त्यांनी काकूंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फायलीकडं जायला एक पाऊल उचललंही. मग थांबले.

"त्याले परवाना लागत नाही ना, बाई," ते म्हणाले.

मी नंतर चौकशी केली. विकणाऱ्याला लागतो. घरात ठेवणाऱ्याला लागत नाही.